गोळी घेऊ की नको? पोटातलं बाळ, अंगावरचं दूध आणि औषधं

या अंकासाठी आलेली पत्रं वाचताना एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत भेटत राहिला: 'हे औषध चालेल का?' नुसत्या हो-नाहीत त्याचं उत्तर देता येत नाही. कुठलं औषध, किती, कितव्या आठवड्यात आणि ते घेतलं नाही तर आईचं काय होईल, या चार गोष्टी समोर ठेवल्या की उत्तर सापडायला लागतं. खालची माहिती डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी म्हणून दिली आहे. चालू असलेलं औषध त्यांना न विचारता बंद करू नका. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

पाचवा महिना चालू आहे. ताप आला म्हणून डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० लिहून दिली. पण घरच्या ग्रुपवर 'या गोळीने मुलं ऑटिझमची होतात' असा मेसेज आला आणि सासूबाईंनी गोळी घेऊ दिली नाही. खरं काय समजायचं? – एक वाचक, सातारा

गोळी घ्यायला हरकत नव्हती. पुन्हा ताप आला तर जरूर घ्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध असू शकतो असं जाहीर केलं, तेव्हापासून हा मेसेज फिरतो आहे. असा ठाम पुरावा नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने लगोलग सांगितलं, पण ते मेसेजमध्ये आलं नाही. संबंध दाखवणारे काही अभ्यास आहेत, हे खरं. अडचण अशी की गोळी कुणी उगाच घेत नाही. ताप, अर्धशिशी, जंतुसंसर्ग असं काहीतरी कारण असतं, आणि बाळावर परिणाम दिसला तर तो गोळीचा की त्या कारणाचा, की आईकडून आलेल्या आनुवंशिकतेचा, हे वेगळं काढणं अवघड जातं.

ते वेगळं काढण्याचा सगळ्यात मोठा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासून तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी मुलं एकत्र धरली तेव्हा गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमची शक्यता किंचित, शेकडा ५ ने, जास्त दिसली. मग संशोधकांनी भावंडांची तुलना केली. आई तीच, घर तेच, पण एका खेपेला गोळी घेतलेली आणि दुसऱ्या खेपेला न घेतलेली. तेव्हा फरक नाहीसा झाला. सासूबाईंना एवढं एकच सांगितलंत तरी पुरे.

उलट ताप अंगावर काढणं बरं नाही. पहिल्या दोन महिन्यांत जास्त ताप राहिला तर बाळाच्या मज्जारज्जूच्या व्यंगाचा धोका वाढतो. पाचव्या महिन्यातला ताप मलेरियाचा, डेंग्यूचा किंवा लघवीच्या संसर्गाचा असू शकतो. म्हणून ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी गरजेपुरती घ्या, दोन गोळ्यांत सहा तास जाऊ द्या आणि २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत राहा. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त आणि लघवी तपासा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही घेतल्या तर नकळत दुप्पट डोस पोटात जातो.

आता गोळीचं पाकीट उलटं करा. चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तिथे पॅरासिटामॉल एवढी एकच ओळ असेल तर ठीक. तिच्याखाली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा नायमेसुलाइड असं काही दिसलं तर ती गोळी बाजूला ठेवा. आपल्याकडे अंगदुखीची गोळी मागितली की आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र असलेली गोळी सहज हातात पडते. विसाव्या आठवड्यानंतर अशा वेदनाशामकांनी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतं, आणि गर्भजल तोवर मुख्यतः बाळाच्या लघवीचंच बनलेलं असल्यामुळे पाणी कमी होतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती पोटातच आकसू शकते. रक्तदाबाची गुंतागुंत टाळण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली ७५ ते १५० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन मात्र यात मोडत नाही. ती चालू ठेवा.

बहिणीला फिट्स येतात. सोडियम व्हॅल्प्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे आणि दोन वर्षांत फिट आलेली नाही. आता लग्न ठरलं आहे. नातेवाईक म्हणतात, 'गोळ्या बंद करा, नाहीतर मूल व्यंग घेऊन येईल.' काय करावं? – एक वाचक, लातूर

पत्र लग्नाआधी आलं, हे फार चांगलं झालं. नातेवाइकांच्या बोलण्यातला धोका खरा आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय त्याहून घातक आहे. गोळी एकदम बंद केली तर एकामागोमाग फिट्स येऊन जीव जाऊ शकतो. गोळी बंद करायची नाही, बदलता येते का ते पाहायचं. आणि ते दिवस जाण्याच्या आधी.

'युरॅप' नावाची अनेक देशांची नोंदवही आहे. फिट्सचं औषध घेणाऱ्या गरोदर स्त्रियांची नोंद तिच्यात सुरुवातीलाच होते आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत पाठपुरावा होतो. २०१८ मध्ये तिचे आकडे आले. मोठी जन्मजात व्यंगं व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या बाळांत शंभरात १०, कार्बामॅझेपिनमध्ये साडेपाच, लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या फिट्सच्याच दुसऱ्या औषधांवर तीनाच्या आत. डोसाप्रमाणे आकडा बदलतो. व्हॅल्प्रोएट दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शंभरात ६, आणि १४५० किंवा जास्त असेल तर २५. तुमच्या बहिणीचा रोजचा डोस १००० आहे, त्या गटात ११. याशिवाय, जन्मताना धडधाकट दिसणाऱ्या मुलांचाही विकास मागे पडू शकतो. शंभरातल्या ३० ते ४० मुलांना बोलणं, चालणं, शिकणं यात अडचण येते. सहाव्या वर्षी बुद्ध्यांक मोजणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात व्हॅल्प्रोएटच्या मुलांची सरासरी ९७ आली, लॅमोट्रिजिनच्या मुलांची १०८.

हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. बदल करण्यासारखा आहे, एवढंच त्यांतून कळतं. तो मेंदूविकारतज्ज्ञांकडूनच करून घ्या. नवं औषध आधी सुरू होतं, हळूहळू वाढतं आणि मग जुनं उतरवलं जातं. यात काही महिने जातात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत घाई करून चालत नाही. व्हॅल्प्रोएट शरीरात असताना ते दुपटीने साठतं, म्हणून नेहमीच्या निम्म्या डोसापासून, २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, सुरुवात करतात. वेगाने वाढवलं तर अंगावर पुरळ येतं, क्वचित कातडी सोलवटण्यापर्यंत जातं. पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. औषध पुरतं बदलेपर्यंत दिवस जाऊ देऊ नका. मात्र इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी उतरवतात, तेव्हा साधन कुठलं वापरायचं तेही विचारून घ्या. काही प्रकारच्या फिट्स व्हॅल्प्रोएटशिवाय आटोक्यात येतच नाहीत. तसं असेल तर चालेल तेवढा कमी डोस ठेवून पुढे जातात.

फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रोज, दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून. बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होतो, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. नाव नोंदवायला गेल्यावर सुरू केलेली गोळी या कामासाठी उशिराच पोचते. व्हॅल्प्रोएटने होणारं सगळं नुकसान फॉलिक ॲसिड भरून काढत नाही, हेही लक्षात असू द्या.

गरोदरपणात लॅमोट्रिजिन शरीरातून भराभर बाहेर पडतं. आधी पुरणारा डोस मग पुरत नाही आणि अनेकींना तो वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत गाडी उलटी फिरते. वाढवलेला डोस तसाच राहिला तर गरगरतं, एकाचे दोन दिसतात. डोस कसा कमी करायचा हे प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, कारण त्या धावपळीत नेमकं तेच राहून जातं. दूध पाजायला हरकत नाही. अपुऱ्या झोपेने फिट येते म्हणून रात्रीचं एक पाजणं दुसऱ्या कुणीतरी वाटी-चमच्याने सांभाळावं. बहिणीने बाळाला जमिनीवर अंथरुणात बसून पाजावं आणि एकटीने अंघोळ घालू नये.

सासरी सांगा. लपवून ठेवलेली गोळी चुकते, आणि सगळी गणितं तिथे कोलमडतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून फिट्स असलेल्या मातांची नोंदवही चालू आहे. फिट्स असणाऱ्या बहुतेक बायकांची मुलं निरोगी जन्मतात, हे असल्या नोंदवह्यांनीच दाखवून दिलं आहे.

सातवा महिना. थायरॉइडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. तरी रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) वाढलेलं आलं. – एक वाचक, कोल्हापूर

एकदम घेता म्हणूनच वाढलं असणार. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यात धरून ठेवतात आणि गोळी रक्तात न जाता बाहेर पडते.

सकाळी सहाला थायरॉक्सिन नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. चार तास झाले की साडेदहा-अकराला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. तिच्या आगेमागे तासभर चहा, दूध टाळा. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत, लोहापासून किमान दोन तास लांब. लोहाने मळमळत असेल तर ते झोपताना घ्या. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. ती मध्येच सोडू नका.

गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज साधारण पाव हिश्श्याने वाढते, तेव्हा वेळा पाळूनही टीएसएच उतरलं नाही तर डॉक्टर डोस वाढवतील. चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. बाळंत झाल्यावर पहिल्या डोसावर यायचं आणि सहा आठवड्यांनी एकदा टीएसएच पाहायचं.

पाळी चुकल्याचं कळायच्या आत मी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा सात दिवसांचा कोर्स घेतला. ओळखीच्या डॉक्टर म्हणाल्या, 'गर्भ काढून टाका, कशाला धोका?' – एक वाचक, पुणे

एवढ्या कारणासाठी गर्भपात करू नका.

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ म्हणजे सारख्या पेशींचा पुंजका असतो. त्या वेळी मोठी इजा झाली तर गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर उरलेल्या पेशी भरपाई करतात. शरीरात रेंगाळणारी औषधं याला अपवाद आहेत, डॉक्सिसायक्लिन त्यांत येत नाही. दातांवर डाग पडतात ही भीती खरी, पण ती चौथ्या महिन्यानंतरची, कारण बाळाच्या दातांत कॅल्शियम भरायला तेव्हा सुरुवात होते. कुठलंही औषध न घेतलेल्या गरोदरपणातही शंभरात दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतं. तुमचा धोका त्याहून वेगळा धरायचं कारण नाही. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी नीट करून घ्या.

अशा वेळी खरोखर तातडीने तज्ज्ञाकडे जावं अशी औषधं मोजकी आहेत. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, सोरायसिससाठीचं ॲसिट्रेटिन, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं मायकोफेनोलेट आणि वर आलेलं व्हॅल्प्रोएट. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर महिनाभर थांबावं लागतं, ॲसिट्रेटिननंतर तब्बल तीन वर्षं. मुरुमांचं औषध मैत्रिणीच्या पाकिटातून घेणाऱ्या मुलींपर्यंत ही गोष्ट पोचायला हवी.

बाळ चार महिन्यांचं आहे. अक्कलदाढ काढायची आहे. दंतवैद्य म्हणतात, पाच दिवस अँटिबायोटिक आणि वेदनाशामक चालेल, तोवर अंगावरचं दूध बंद ठेवा, पिळून टाकून द्या. बाळ बाटली तोंडात धरत नाही. – एक वाचक, ठाणे

दूध बंद करू नका. या सल्ल्याने किती बाळंतिणींचं दूध विनाकारण तुटलं असेल, याचं वाईट वाटतं.

वार आणि स्तन ही दोन वेगळी दारं आहेत. आईच्या रक्तातलं औषध वारेतून बाळाकडे थेट जातं, दुधात मात्र त्याचा फार छोटा अंश उतरतो, आणि तोही बाळाच्या पोटातून, यकृतातून गेल्यावरच रक्तात मिळतो. त्यामुळे गरोदरपणात नको असलेली कित्येक औषधं दूध पाजताना चालतात. आयब्युप्रोफेन त्यातलंच. रक्तदाबासाठीचं एनालाप्रिल आणि रक्त पातळ करणारं वॉरफॅरिनही त्यातलंच.

किती उतरतं हे मोजायची सोपी रीत आहे. बाळ दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पितं. समजा, आईचं वजन ६० किलो आहे आणि ती दिवसाला १२०० मिलिग्रॅम औषध घेते, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम. तिच्या दुधात लिटरमागे १ मिलिग्रॅम औषध सापडलं तर बाळाला किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम मिळतं. २० पैकी ०.१५, म्हणजे शेकडा पाऊणच. दहाच्या खाली असलेला आकडा बहुतेक औषधांसाठी चालण्यासारखा मानतात. आयब्युप्रोफेनचा आकडा एकाच्या आत आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची गोळीही चालते, फार तर बाळाला पातळ शी होईल किंवा तोंडात पांढरा थर येईल. भूल देण्याचं लिग्नोकेनही चालतं. घरी आलात की पाजा.

दोन औषधं मात्र दंतवैद्यांना लिहू देऊ नका: ट्रामाडॉल आणि कोडीन. काही आयांच्या यकृतात ती फार वेगाने तीव्र रूपात बदलतात आणि दुधातून बाळाला गुंगी येते, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनदा मातांसाठी दोन्हींबद्दल बजावलं आहे. कोडीन खोकल्याच्या औषधातही असतं. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन बाळाला फारसं बाधत नाही, पण दूध आटवतं. एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच गोळीने दिवसाचं दूध जवळपास पाव हिश्श्याने कमी झालं.

बाळाचं वयही पाहायचं असतं. दुधातून त्रास झाल्याच्या बहुतेक नोंदी दोन महिन्यांखालच्या बाळांच्या आहेत. कमी दिवसांचं, कावीळ असलेलं किंवा आजारी बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधी विचारा. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, ओढत नाहीये किंवा मलूल दिसतंय असं वाटलं तर थांबू नका.

बाळंतपणानंतर सतत रडू येतं. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरचं सर्ट्रालिन ५० दिलं आहे. आई म्हणते, एकतर गोळी घे नाहीतर दूध पाज. – एक वाचक, पिंपरी

दोन्ही करा. सर्ट्रालिन दुधात अगदी थोडं उतरतं आणि दूध पिणाऱ्या बहुतेक बाळांच्या रक्तात ते मोजण्याइतकंही सापडत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर गोळी चुकवू नका. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

गावात काही घरांत दुसरा महिना लागला की सुनेला 'मुलगा होण्याचं औषध' दुधातून देतात. पुडीवर नाव नसतं. 'झाडपाल्याचं आहे, काही होत नाही' म्हणतात. यांना कसं समजवायचं? – एक आशा सेविका

ताई, मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणी, वडिलांच्या बीजावरून ठरतं. पुडी घरात येते तेव्हा ते ठरून महिना झालेला असतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बाळाचं हृदय, हातपाय, टाळू घडत असतात. औषधाने सगळ्यात जास्त नुकसान होण्याचा हाच काळ.

हरियाणात यावर नीट अभ्यास झाले. तिथे अशा औषधांत शिवलिंगीचं बी आणि मायफळ वापरतात. नमुने तपासले तेव्हा स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी वनस्पतीजन्य द्रव्यं सापडली. जन्मजात व्यंग असलेल्या बाळांच्या आयांनी असं औषध घेतलेलं असण्याचं प्रमाण निरोगी बाळांच्या आयांपेक्षा जास्त निघालं. मृत जन्मांशीही त्याचा संबंध दिसला.

दुसरा धोका जड धातूंचा. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायकांना शिशाची विषबाधा झाल्याचं आढळलं. सहाही जणी परदेशातून तिथे गेलेल्या, आणि विषाचं मूळ निघालं भारतात बनलेल्या दहा आयुर्वेदिक औषधांत. शिसं वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जातं. सगळीच आयुर्वेदिक औषधं अशी असतात असं नाही, पण नाव, घटक आणि बॅच नंबर नसलेली पुडी गरोदर बाईच्या पोटात जाता कामा नये.

सुनेला रागावू नका, घ्यायचं की नाही हे बहुधा तिच्या हातात नसतं. सासूशी बोला, शक्य तर नवऱ्यालाही बसवा. पुडी उरली असेल तर ती जपून ठेवायला सांगा आणि बाईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रक्तातलं शिसं तपासता येतं, आणि १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना पुडीबद्दल माहीत असायला हवं. अशा औषधाची जाहिरात करणं पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान आणि लिंगनिवडीला बंदी घालणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे समुचित प्राधिकाऱ्याकडे, करता येते.

माहितीपत्रकात 'गरोदर स्त्रियांमध्ये पुरेसा अभ्यास झालेला नाही' हे वाक्य जवळजवळ नेहमीच असतं. गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आणि अभ्यास होत का नाही? – एक औषध विक्रेते, नाशिक

याची मुळं थॅलिडोमाइडमध्ये आहेत. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध चिठ्ठीशिवाय मिळू लागलं आणि पुढे गरोदरपणातल्या उलट्यांसाठीही दिलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतलं, तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातपाय खुंटलेली जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध-तपासनीस बाई पुरावा मागत राहिल्या आणि तिथे त्याला परवानगी मिळाली नाही. त्या धक्क्यानंतर गरोदर बायकांना चाचण्यांतून बाहेर ठेवण्याचा शिरस्ता पडला. हेतू चांगला होता. पण गरोदर बाईलाही मलेरिया होतो, दमा असतो, फिट्स येतात. औषध तिला घ्यावंच लागतं, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

म्हणून माहिती येते ती बाजारात आल्यानंतरच्या नोंदवह्यांतून, आणि ती वाचायला शिकावं लागतं. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचं पाहा. १९७० च्या दशकात डॉक्टर आपणहून कळवत त्या नोंदींवरून बाळाच्या एका दुर्मीळ हृदयदोषाचा धोका शेकडो पटींनी वाढतो असं वाटलं. ज्यांची बाळं निरोगी जन्मली त्यांच्याबद्दल कुणी कळवतच नव्हतं, म्हणून आकडा फुगला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १३ लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हृदयदोष लिथियमवर शंभरात २.४ आणि एरवी १.१५ आढळले. धोका आहे, डोसाबरोबर वाढतो, पण समजत होते त्याच्या जवळपासही नाही.

एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरचा आकडाही सुरुवातीला फुगलेला निघाला. बोट्सवानात नवजात बाळांच्या तपासणीत २०१८ मध्ये ४२६ पैकी ४ बाळांना मज्जारज्जूचं व्यंग दिसलं, आणि अनेक देशांनी हे चांगलं औषध तरुण बायकांना देणं थांबवलं. मोजणी मात्र चालू राहिली. वर्षभराने १६८३ पैकी ५ झाले, म्हणजे पुढच्या बाराशेंवर बाळांत फक्त एकाची भर. नंतर फरक उरलाच नाही. जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सगळ्यांसाठी सुचवलं. मोजणी थांबली असती तर चार बाळांवरून बांधलेला अंदाज कायमचा राहिला असता.

उलट्यांच्या तुमच्याकडच्या डॉक्सिलॅमिन-पायरिडॉक्सिन गोळीवरही असंच बालंट आलं होतं. अभ्यासांत दोष दिसला नसताना केवळ खटल्यांमुळे अमेरिकेतल्या उत्पादकाने १९८३ मध्ये ती बंद केली. ती तिथे परत यायला २०१३ उजाडलं.

गिऱ्हाइकाला सांगताना, गरोदरपणातल्या धोक्याप्रमाणे औषधांना दिलेल्या जुन्या ए, बी, सी, डी, एक्स या अक्षरांवर विसंबू नका. अमेरिकेने ती १९७९ मध्ये आणली आणि २०१५ पासून मोडीत काढली. आपल्याकडच्या अनेक ॲपवर ती अजून दिसतात. 'सी' म्हणजे प्राण्यांत दोष दिसला असंही, आणि कुणी अभ्यासच केला नाही असंही. दोन्हींना एकच अक्षर! दूध पाजणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं 'लॅक्टमेड' फुकट आहे. दुधातली पातळी, बाळावरचे परिणाम आणि पर्यायी औषध असं सगळं त्यात औषधवार दिलेलं असतं. दुकानाच्या संगणकावर ते उघडून ठेवा.

आणि औषधाचा त्रास झाला तर त्याची नोंद करा, ती तुम्हालाही करता येते. दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणारा भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं पुरतात. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, कधी थांबवलं, काय त्रास झाला आणि कळवणाऱ्याचं नाव एवढं हवंच. गरोदर बाई असेल तर शेवटच्या पाळीची तारीख, सोबतची इतर औषधं, काढे, पुड्या हेही लिहा, कारण आठवडा कळला नाही तर त्या नोंदीचा उपयोग अर्धा होतो. बाटली किंवा पाकीट घरी फेकून द्यायच्या आत बॅच नंबर लिहून घ्यायला सांगा.